तवांगची सहल : पिठलं-भात, बोगदा आणि कार्यक्रमात नसलेला मेजर

आधी पैशांचं सांगते. माणशी 43,500 रुपये, गुवाहाटी ते गुवाहाटी, आठ रात्री नऊ दिवस. विमानाचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं. आम्ही दोघं आणि बाकी पंधरा जण, तीन इनोव्हा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी मुख्य तक्रार तिच्या एकटीबद्दल नाही. पैसे भरण्याआधी आणखी चार कंपन्यांच्या पुस्तिका चाळल्या होत्या, सगळीकडे तवांगचा कार्यक्रम हाच होता, फोटोसुद्धा तेच. गुण द्यायचे तर पाचपैकी तीन. त्यातला अर्धा आमच्या ड्रायव्हरचा आहे, तो कंपनीने आपल्या खात्यात धरू नये.

मी साताऱ्याची, एकतीस वर्षं हायस्कूलला इतिहास शिकवला. आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. यांची दोन वर्षं अरुणाचलात टेंग्याला गेली. तिथून यायच्या पत्रात 'इकडे थंडी फार आहे, काळजी नसावी' यापलीकडे काही नसायचं. ती थंडी एकदा बघून येऊ, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघालो.

जे चांगलं ते आधी. कंपनीने बरोबर स्वयंपाकी नेला होता. दिरांगला सकाळी सहाला गरम पोहे आणि तवांगला, दहा हजार फुटांवर, रात्री पिठलं-भात. तिथे पाणी लवकर उकळतं पण भात काही शिजत नाही, कुकरशिवाय इलाज नाही. त्या पोराने दोन मोठे कुकर गुवाहाटीपासून मांडीवर घेतल्यासारखे जपले. हॉटेलं स्वच्छ होती. तवांगच्या हॉटेलात गिझर होता, वीज मात्र तिच्या मर्जीने यायची, तो दोष कंपनीचा नाही. पांघरुणं जाड आणि कोरडी. गाडीत ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर होता आणि ठाण्याच्या एका काकांना तो सेला खिंडीच्या चढावर लागलाही. टूर मॅनेजर सत्तावीस-अठ्ठावीसचा मुलगा, गोड, सगळ्यांना काका-काकू म्हणणारा, कोणाची गोळी चुकली तर आठवण करणारा. त्याच्याबद्दल पुढे थोडं टोचून लिहिणार आहे, म्हणून हे आधी लिहून ठेवते.

आता इनर लाइन परमिट. अरुणाचलात शिरायला आपल्यालाही परवाना लागतो. तो कंपनीच काढते, पण भालुकपाँगच्या नाक्यावर कळलं की आमच्यातल्या दोघींची नावं आधार कार्डाप्रमाणे नाहीत. पाऊण तास गेला. मॅनेजर धावपळ करत होता आणि हे बाहेर उभे राहून नाक्यावरच्या शिपायाशी 'कौनसी बटालियन' करत होते. परवाना सुटला तो कागदामुळे की यांच्या गप्पांमुळे, ठाऊक नाही. तुम्ही जाल तेव्हा परवान्यावरचं नाव घरून निघण्याआधी स्वतः वाचून घ्या, आणि दोन छापील प्रती पर्समध्ये ठेवा. पुढे मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

या सहलीचं खरं काम सुरू झालं ते दिरांगला. आमच्या गाडीचा ड्रायव्हर तिथलाच, मोनपा जमातीचा. पस्तिशीचा असेल. दोन दिवस तो फारसं बोललाच नव्हता. दिरांगचा जुना झोंग, म्हणजे दगडी गढी, दिसली तशी गाडी बाजूला घेऊन तो म्हणाला, "मॅडम, आप हिस्ट्री टीचर हो ना? तवांग से पहले झंडा इधर लगा था. छब्बीस जनवरी." मी विचारलं, कुठल्या साली? "इक्यावन." मग म्हणाला, त्याचे आजोबा सांगायचे, त्या दिवशी फौजेने गावाला जेवायला घातलं.

"बडाखाना!" हे मागून म्हणाले. फौजेत सण असो, कामगिरी फत्ते होवो, साहेब आणि जवान एका पंगतीला बसतात, तो बडाखाना. गावकऱ्यांना बसवलं म्हणजे डोक्याचा माणूस असणार, असंही म्हणाले.

मला 26 जानेवारी 1951 बद्दल काहीही माहीत नव्हतं. एकतीस वर्षं शिकवलं त्यात 1947 होतं, संस्थानांचं विलीनीकरण होतं, थेट 1962 होतं. मधलं तवांग आपल्याकडे आलं कधी, हा प्रश्न कुठल्या पोराने विचारला नाही आणि मलाही पडला नाही. मी गाडीतून उतरून टूर मॅनेजरला विचारलं, "अरे, 1951 ला इथे काय झालं होतं?" तो म्हणाला, "काकू, 1962 म्हणायचंय का तुम्हाला?"

इथपासून माझी तक्रार सुरू होते.

दुसऱ्या दिवशी सेला. खिंड 13,700 फुटांवर. तिच्या खालून आता बोगदा झालाय, 9 मार्च 2024 ला पंतप्रधानांनी उद्घाटन केलं, सीमा सडक संघटनेचं काम, खर्च 825 कोटी. काम उत्तमच, बर्फात गाड्या अडकून पडायच्या त्या आता पडत नाहीत. पण आमच्या कार्यक्रमात 'सेला खिंड व सेला सरोवर' असं ठळक छापलं होतं आणि गाड्या कोणाला न विचारता सरळ बोगद्यात घातल्या. आत दिवे, बाहेर पडलो की पलीकडचा उतार. खिंड डोक्यावरून गेली. ठाण्याच्या काकांना ऑक्सिजन लागला होता म्हणून असं केलं, हे नंतर कळलं. तेच आधी सांगितलं असतं तर कोणी कुरकुर केली नसती. परतीच्या वाटेवर सगळ्यांनी धरून लावलं आणि वरून नेलं. सरोवर अर्धं गोठलेलं होतं. हे वर उतरले, दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "चला." बस, एवढीच ती थंडी.

जसवंतगड मात्र नीट दाखवला. रायफलमन जसवंतसिंह रावत, चौथी गढवाल रायफल्स, नोव्हेंबर 1962, मरणोत्तर महावीर चक्र. त्याचा बिछाना अजून घालतात, बूट पॉलिश करतात. जवानांनी चहा दिला. मॅनेजरने इथे अर्धा तास भाषण केलं, जसवंतसिंहाला साथ देणाऱ्या सेला आणि नुरा या दोन मुलींची कथा सांगितली, गळा दाटून आला त्याचा. स्पीकरवर देशभक्तीचं गाणं लावलं. माझेही डोळे भरले, खोटं कशाला सांगू. यांनी टोपी काढली आणि गाणं चालू असेपर्यंत लांब जाऊन उभे राहिले. यांना स्मारकावर गाणी चालत नाहीत.

तवांगला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. जेवणं झाली आणि मी मोबाइल घेऊन बसले. कंपनीने दिलेल्या पुस्तिकेत मठ होता, युद्धस्मारक होतं, माधुरी लेक होतं, 1951 नव्हतं. ड्रायव्हरने नाव सांगितलं होतं, मेजर बॉब खाथिंग. वाय-फाय एका कोपऱ्यात येत होतं, तिथे रजई पांघरून बारापर्यंत वाचलं.

रालेंगनाओ खाथिंग. जन्म 1912, मणिपूरमधलं उखरूल, जमात तांखुल नागा. फौजेत जाण्याआधी उखरूलच्या शाळेत हेडमास्तर. हे वाचलं आणि मी यांना हलवून उठवलं. "अहो, मास्तर होता हा!" "मग?" म्हणाले आणि कूस वळवली.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा मास्तरांनी कमिशन घेतलं, एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये. नाव हैदराबाद असलं तरी आजची कुमाऊं रेजिमेंट ती हीच. पुढे आसाम रेजिमेंट. 1944 मध्ये जपानी फौज इम्फाळ आणि कोहिम्यावर चालून आली, तेव्हा वाटेत उखरूल होतं, म्हणजे याचं घरच. खाथिंग तेव्हा व्ही फोर्समध्ये होता. शत्रूच्या पाठीमागे राहून बातम्या काढायच्या, हे त्या दलाचं काम. गणवेश उतरवला, केस तांखुल पद्धतीने ठेवले, अंगावर शाल घेतली आणि आपल्याच डोंगरातून आपल्याच लोकांसारखा हिंडत राहिला. मिलिटरी क्रॉस मिळाला, एमबीई मिळाला.

मग राजकारण. मणिपूर संस्थान होतं, गादीवर महाराजा बोधचंद्र सिंह. 1947 मध्ये तिथे अंतरिम मंत्रिमंडळ आलं आणि डोंगरी भागाचं खातं खाथिंगकडे गेलं. मुख्यमंत्री महाराजांचे भाऊ प्रियव्रत सिंह. 1948 मध्ये मणिपूरने प्रौढ मतदानावर आपली विधानसभा निवडली. आपल्या देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 ची, म्हणजे साताऱ्याच्या सगळ्या बायकांना मत मिळायच्या तीन वर्षं आधी मणिपूरच्या बायका मतदान करून मोकळ्या झाल्या होत्या. औंध संस्थानाची 1939 ची राज्यघटना आम्ही सातारकर छाती फुगवून सांगतो, मीही वर्गात सांगत आले. मणिपूरचं कोणी सांगितलं नाही. खाथिंग उखरूलमधून निवडून आला आणि मंत्रिमंडळात राहिला.

आणि हे सगळं वर्षभरात संपलं. 21 सप्टेंबर 1949 ला महाराजांनी शिलाँगमध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही केली, 15 ऑक्टोबरपासून मणिपूर भारताच्या कारभाराखाली आलं, विधानसभा आणि मंत्रिमंडळ दोन्ही बरखास्त. खाथिंग सदतीस वर्षांचा, माजी मंत्री, माजी आमदार, माजी मेजर, माजी हेडमास्तर. आमच्याकडे मंत्रिपद गेलं की बंगला सोडायला सहा महिने लागतात आणि नेमप्लेट तर कोणी काढतच नाही. या माणसाने पुन्हा वर्दी चढवली, आसाम रायफल्समध्ये गेला. तिथून सरहद्दीच्या कारभारात, असिस्टंट पोलिटिकल ऑफिसर म्हणून. ज्या राज्यात मंत्री होतो ते राज्यच उरलं नाही, याचं त्याला काय वाटलं असेल ते कुठे वाचायला मिळालं नाही. मला मात्र वाचताना सारखं तेच वाटत होतं.

ऑक्टोबर 1950 मध्ये चिनी फौजा तिबेटात शिरल्या. 7 नोव्हेंबरला सरदार पटेलांनी नेहरूंना उत्तर सीमेबद्दल ते प्रसिद्ध पत्र लिहिलं. ते मी शिकवलं आहे, तारखेसकट. 15 डिसेंबरला सरदार गेले. मी तिथेच धडा संपवायची. पुढे असं झालं की आसामचे राज्यपाल जयरामदास दौलतराम यांनी खाथिंगला तवांग गाठायला सांगितलं. 1914 च्या मॅकमहोन रेषेप्रमाणे तवांग भारताच्या बाजूला, पण प्रत्यक्षात तिबेटमधल्या त्सोना झोंगचे अधिकारी येऊन मोनपांकडून कर गोळा करत, वेठ घेत. नकाशावर सदतीस वर्षं आपलं असलेलं गाव ताब्यात घ्यायचं होतं.

17 जानेवारी 1951 ला तो आसामात डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या लोकऱ्याहून निघाला. बरोबर आसाम रायफल्सचे 200 जवान, पुढे येऊन मिळाले सुमारे 600 हमाल. आम्ही ज्या रस्त्याने इनोव्हातून 'अजून किती वेळ' करत गेलो तिथे तेव्हा पायवाट होती, आणि महिना जानेवारीचा.

सकाळी चहाच्या वेळी यांना हे आकडे वाचून दाखवले. यांनी बशीत चहा ओतला आणि बोटं मोजली. "एका जवानामागे तीन हमाल. म्हणजे रेशन बरोबर नेलंय, गावातून उचललं नाही. गावावर बोजा टाकला असता तर दिरांगला कोण जेवायला आलं असतं?" एकतीस वर्षांच्या नोकरीत मी कधी हमाल मोजले नव्हते.

दिरांगला झेंडा आणि बडाखाना झाला, चार दिवस मुक्काम करून पुढच्या भागाची बातमी काढली, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तवांग. तिथे पोचून त्याने काय केलं? दोन दिवस जागा शोधली. छावणी, कचेरी आणि खेळाचं मैदान बसेल एवढी सपाट जागा हवी होती. मठाच्या ईशान्येला सापडली. हे वाचून हे पहिल्यांदा मोबाइलकडे वळून बसले. "मैदान?" मी म्हटलं, मैदान. "फौजी आधी पाणी आणि मोर्चा बघतो. मैदान बघतो त्याला तिथे राहायचं असतं." मला वाटतं मंत्री होता तो इथे दिसतो, किंवा हेडमास्तर. यांना वाटतं फौजी. यावर आमचं तवांगपासून गुवाहाटीपर्यंत चाललं होतं.

तिबेटी अधिकारी भेटायला येईनात, आले तरी सत्ता मानायला राजी नव्हते. मग 11 फेब्रुवारीच्या सुमारास खाथिंगने सगळ्या जवानांना पूर्ण वेशात, बंदुकीला संगिनी चढवून, तवांगभोवती संचलन करायला लावलं. त्याच संध्याकाळी अधिकारी आणि मठातले ज्येष्ठ भेटीला आले. बुमला डोंगररांगेच्या दक्षिणेला त्सोनाचा अंमल यापुढे चालणार नाही, कर द्यायचा नाही, असं जाहीर झालं. एक गोळी सुटली नाही. पुढे दोनेक महिने तो तिथेच राहिला, लोकांत मिसळला.

नंतरचं आयुष्यही एकेका ओळीत उरकण्यासारखं नाही, पण मी उरकते, कारण हा सहलीचा अभिप्राय आहे. 1957 ला पद्मश्री, नागालँडचा मुख्य सचिव, मग ब्रह्मदेशात भारताचा राजदूत, तेही सत्तरच्या दशकात, जेव्हा आदिवासी समाजातला माणूस त्या खुर्चीवर याआधी कोणी पाहिला नव्हता. गेला जानेवारी 1990 मध्ये.

आता दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम. सकाळी मठ, छान दाखवला. 1680-81 चा, आत बसून प्रार्थना ऐकता आली, लहान भिक्षू मोबाइलकडे चोरून बघत होते. मग सहाव्या दलाई लामांचं जन्मस्थान उर्गेलिंग, दहा मिनिटं. इथे जास्त वेळ हवा होता. मग बाजारात खरेदीला दीड तास. दीड! लोकरी टोप्या महाबळेश्वरला मिळतात तशाच होत्या. संध्याकाळी युद्धस्मारक आणि पुन्हा 1962, पुन्हा स्पीकर.

तवांगमध्ये याच मेजरच्या नावाचं संग्रहालय आहे, मेजर रालेंगनाओ बॉब खाथिंग म्युझियम ऑफ व्हॅलर. 31 ऑक्टोबर 2024 ला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी ते आणि सरदार पटेलांचा पुतळा यांचं उद्घाटन केलं. हवामान बिघडल्यामुळे त्यांना तवांगला पोचता आलं नाही, तेजपूरहून दूरस्थ पद्धतीने केलं. आमच्या कार्यक्रमात दोन्हींचा उल्लेख नाही. मी बाजारातच मॅनेजरला म्हटलं, हा दीड तास तिकडे देऊ. तो म्हणाला, "काकू, बाकीच्यांची शॉपिंग राहील, आणि ते लिस्टमध्ये नाही." मग ड्रायव्हर स्वतःहून म्हणाला, मी नेतो. पण स्मारकाला जाणारी बाकीची मंडळी गाडीत येऊन बसेपर्यंत, सगळं आटपून तिथे गेलो तेव्हा वेळ संपली होती. बाहेर उभी राहून पाटी वाचली. त्यामुळे आत काय आहे, कसं मांडलंय, हे मला तुम्हाला सांगता येत नाही, आणि साडेत्रेचाळीस हजार भरून हे सांगता येत नाही याचा मला राग आहे.

हे मात्र खुशीत होते. "रक्षामंत्र्यालासुद्धा तवांगने तेजपूरला थांबवलं. तू पाटीपर्यंत तरी आलीस."

त्या संध्याकाळी ड्रायव्हरने आम्हा दोघांना एका छोट्या जागी झान खायला नेलं. भरड पिठाचं घट्ट शिजवलेलं, आपल्या उकडीच्या जवळ जाणारं, वर भाजी आणि चीजची आमटी म्हणावी असं काही. यांनी दोनदा घेतलं. स्वयंपाक्याचं पिठलं त्या रात्री उरलं, तो रुसला. मोनपा लोकांकडे जाऊन नऊ दिवसांत एकदाही त्यांचं जेवण कार्यक्रमात नसावं, हे मला पटत नाही. पुरी-श्रीखंड चालेल, पण एक जेवण तरी?

तिसऱ्या दिवशी बुमला, तिबेटच्या सीमेवरची खिंड, 15,200 फूट. तिथे बाहेरच्या गाड्या चालत नाहीत, स्थानिक गाडी करावी लागते, त्याचे माणशी 1,800 वेगळे घेतले. हे पुस्तिकेत बारीक अक्षरात आहे, चष्मा लावून वाचा. आदल्या रात्री बर्फ पडलं आणि वरचा रस्ता बंद झाला. निसर्गापुढे कोणाचं काय चालतं, तक्रार नाही. वाटेवरच्या तळ्यांपर्यंत जाऊन परत आलो. पण रिकामा झालेला अर्धा दिवस हॉटेलात हाऊजी खेळण्यात घालवला. संग्रहालय दोन-चार किलोमीटरच्या आत असणार, आणि आम्ही 'दोन बदके बावीस' ऐकत बसलो होतो. मी विचारलं तेव्हा स्थानिक गाड्या सोडून दिलेल्या आणि आमच्या ड्रायव्हरांना सुट्टी. हे बरोबर नव्हतं. यांनी हाऊजीत पहिली ओळ जिंकली, म्हणून तेही माझ्या बाजूने बोलायला तयार नव्हते.

माझं म्हणणं मी परतीच्या वाटेवर, बोमडिल्याला, मॅनेजरला शांतपणे सांगितलं. 1962 दाखवू नकोस असं मी म्हणत नाहीये. आमच्या साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, घरटी माणूस फौजेत, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 गेले. स्मारकापुढे कसं उभं राहायचं हे आम्हाला शिकवायला नको. पण तू लोकांना आणलंस त्या ठिकाणी आपण पोचलो कसे, हे दहा मिनिटांत सांगता येण्यासारखं आहे, आणि ती गोष्ट एका मंत्र्याची आहे ज्याचं मंत्रिपद गेलं आणि जो पायी निघाला. लोकांना आवडेल ती. मॅनेजर खरं तर लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "काकू, लोकांना युद्ध लागतं. शांतपणे मिळालेल्या गोष्टीवर टाळ्या पडत नाहीत." त्याचं चुकतंय असं मला ठामपणे म्हणता आलं नाही. परवा नातवाला मी हीच गोष्ट सांगितली तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "पण मग फायटिंग कधी झाली?"

जायचं असेल तर काही गोष्टी. एप्रिलमध्ये सेलावर बर्फ मिळतं आणि रस्ताही बहुतेक उघडा असतो. दिरांगला एक रात्र जास्त मागा, झोंगाच्या खाली दगडी घरांची जुनी वस्ती आहे, तिथे नुसतं चालत फिरावं. तवांगला पोचल्या दिवशी धावपळ करू नका, डोकं दुखतं. आम्हा सतरांपैकी सहा जणांचं दुखलं. मठात सकाळी लवकर जा. बुक करतानाच संग्रहालय कार्यक्रमात लेखी घालून घ्या, तोंडी नको. आणि शक्य असेल तर ड्रायव्हर तिथलाच मागा. आमच्या मागच्या गाडीला गुवाहाटीचा ड्रायव्हर होता, गाडी सुरेख चालवायचा, पण त्या गाडीतल्या लोकांना दिरांग म्हणजे चहाची जागा एवढंच आठवतंय.

कंपनीच्या अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये हॉटेल, जेवण, गाडी, टूर मॅनेजर असे चारच रकाने होते. मी मागच्या कोऱ्या बाजूला दोन पानं मजकूर लिहून दिला. परवा त्या मुलाचा फोन आला. "काकू, त्या मेजरांचं नाव नीट टाइप करून पाठवाल का, मेच्या बॅचला सांगून बघतो." मी लगेच पाठवलं, खाली तारखा पण दिल्या, 17 जानेवारी, 26 जानेवारी, 11 फेब्रुवारी. बुमलाचे प्रत्येकी 1,800 परत द्यायचं कबूल केलं होतं, ते अजून आलेले नाहीत.